पाचवे रीळ उलटे फिरले

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, मित्रांनो. सोळा मिलिमीटरची फिल्म चालवणारा. वजन एकोणीस किलो. भिंग एक, दिवा एक, पट्टा एक आणि स्वभाव चिडका. स्वभाव कारखान्यातून आलेला नाही, तो नंतर जडला.

कारखान्यात भिंग बसवणारी बाई फार काटेकोर होती. माझे भिंग तिने तीनदा काढले, तीनदा बसवले, तेव्हा कुठे तिचे समाधान झाले. तिथून मी एका शाळेत गेलो. दातांची निगा, मधमाश्यांचे पोळे, ज्वालामुखी असे विषय मी मुलांना दाखवले. ज्वालामुखीला टाळ्या पडत, दातांना नाही. मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडचा सर्वांत वक्तशीर कर्मचारी हाच." मग नवे यंत्र आले आणि वक्तशीर कर्मचारी कपाटात गेला. अकरा वर्षे माझ्या डोक्यावर खडूंची खोकी होती.

तिथून मला गावातल्या फिल्म मंडळाने उचलले. मंडळात चाळीसेक सभासद आणि महिन्यातून एका दुपारी एक चित्रपट. मला चालवणाऱ्या निवृत्त तारमास्तरांना सगळे रीळकाका म्हणत. त्यांचा हात हलका होता. माझ्या तक्रारी मात्र चिटणिसांबद्दल आहेत. एक जादा दिवा आणून ठेवा, असे रीळकाकांनी त्यांना चारदा लिहून दिले. चारही कागद फाइलला लागले. दिवा आला नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी एक चित्रपट अर्धवट राहिला. त्याची गोष्ट अशी. एका समाजवादी राज्यात दुकान सरकारचे, छापखाना सरकारचा, आणि देश सोडायची परवानगी कुणालाच नाही. एका खोलीत राहणारे पाच तरुण नदी ओलांडून पळून जायचे ठरवतात. ठरल्या वेळी नदीकाठी चौघेच पोचतात. पाचवी, एक मुलगी, येत नाही. कुणीतरी कुजबुजते, "तिने पोलिसांना आपली नावं तर सांगितली नसतील?" इथे चौथे रीळ संपते. आणि इथेच माझा दिवा उडाला.

लोक चुकचुकत घरी गेले. एक बाई मात्र बसून राहिली. ही शिवणकाम करणारी ताई. सभागृहाचे काळे पडदे तिनेच शिवले होते. ती दूरच्या देशातून मुलीकडे राहायला आली होती, एवढेच गावाला ठाऊक. त्या दिवशी तिने रीळकाकांना जास्तीचे सांगितले.

"भाऊ, ती पाचवी म्हणजे मी. त्या चौघांतल्याच एकाने हा चित्रपट काढलाय. मी का थांबले ते मी जिन्यात घाईघाईने एकालाच सांगितलं होतं. चित्रपट काढणारा तो नव्हे, दुसरा. त्याने बाकीच्यांना सांगितलं की नाही, कोण जाणे. चाळीस वर्षं झाली. ते मला काय समजतात, एवढंच बघायचंय."

वर्षभर खटपट करून रीळकाकांनी तीच फिल्म पुन्हा मागवली. ही शेवटची फेरी होती. त्यानंतर फिल्मची पेटी कायमची गोदामात जाणार होती.

"आज तरी शेवट दिसेल ना, भाऊ?"

"दिवा नवा, पट्टा नवा. आता जुनं म्हणाल तर चिटणिसांचं भाषण आणि मी."

भाषण पंचवीस मिनिटे चालले. माझी मोटर तापून तयार, आणि चिटणीस मंडळाच्या स्थापनेपासून सुरू!

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. एका मंडळाने दाखवलेले रीळ ते मंडळ परत गुंडाळत नाही. शेवटचे टोक वर, तसेच पुढे पाठवते. ज्याच्याकडे पेटी येते त्याने रीळ हाताने उलटे गुंडाळायचे. गुंडाळताना फाटके-तुटके बोटाला कळते. मात्र यावेळी आधीच्या मंडळातल्या कुणीतरी मदत म्हणून पाचवे रीळ गुंडाळूनच पाठवले होते आणि डब्यात तशी चिठ्ठी ठेवली होती. डबे आधी चिटणिसांनी उघडले. कागद दिसला, त्यांनी तो न वाचता फाइलला लावला. रीळकाकांनी सवयीने पाचही रिळे गुंडाळली, त्यामुळे सरळ आलेले पाचवे पुन्हा उलटे झाले. टोक बघितले नाही. भाषणाने उशीर झाल्यामुळे चढवतानाही बघितले नाही. चूक दोघांची आहे, मी कुणालाच सोडणार नाही.

चार रिळे उत्तम गेली. पाचवे चढले आणि पडद्यावर नदी आकाशाच्या जागी दिसू लागली. चौघे तरुण खाली डोके वर पाय करून, उलट्या पावलांनी, ज्या देशातून पळाले त्याच देशात परत निघाले होते.

"अरे, हे तर घरी चालले!" मागून कुणीतरी ओरडले.

"गॅस बंद करायचा राहिला असेल!"

सभागृह हसून लोटपोट झाले. मित्रांनो, मी आयुष्यात इतका खजील कधी झालो नव्हतो. रीळकाकांनी मला झटकन बंद केले. पुन्हा गुंडाळून चढवायला बारा मिनिटे, चालायला एकवीस. घड्याळात पाच चाळीस. सहाला सभागृहात नृत्यवर्ग.

"थांबायचं काही कारण नाही," चिटणीस उभे राहून म्हणाले. "शेवट मी सांगतो. माहितीपत्रक आहे माझ्याकडे. चौघं पार होतात आणि ती पाचवी फितूर निघते."

ताई उठली. "पत्रकात फितूर लिहिलंय?"

"तसं लिहिलं नाही, बाई. पण अर्थ तोच."

"जे लिहिलंय तेवढंच वाचा."

चिटणिसांनी चष्मा लावला. "'पाचवी मागे राहते.'"

"मागे राहणं म्हणजे फितुरी?"

"मग राहिली कशाला?" पुढच्या रांगेतले औषधवाले म्हणाले. उत्तराची वाट न बघता त्यांनी टोपी घातली. बाकीचेही उठले. पिशव्या, काठ्या, खुर्च्यांचा आवाज. ताईचे तोंड उघडे होते, पण ऐकायला कुणी नव्हते. मी तिथेच होतो, मुका.

सहाला नृत्यवर्गाच्या मुली आल्या. रीळकाकांनी मला आणि पाचव्या रिळाला बाजूच्या खोलीत आणले आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला. उजेड अजून बराच होता. फिल्मची पट्टी काचेसमोर धरून ते हातभिंगातून पाहू लागले.

"काय शोधू, ताई?"

"खोली. आमच्या खाली घरमालकीण राहायची. वर पावलं वाजायची थांबली की ती पोलिसांना कळवायची."

"नदी... नदी... कुत्रा... परत नदी. हं, खोली. टेबल, दिवा. मुलगी एकटीच आहे."

"पायात काय आहे?"

"बूट."

"आणि हातात?"

रीळकाकांनी पट्टी काचेच्या आणखी जवळ नेली. "हातांतही बूटच दिसतायत. मोठे, पुरुषी. रांगतेय की काय ही?"

ताई स्टुलावर बसली. "रांगत नाही, भाऊ. चालतेय. एकटी दोघांची चाल चालतेय. ते चौघं नदी पार होईपर्यंत मी तेच केलं. म्हणजे त्याने सांगितलं त्यांना. कळलं होतं सगळ्यांना."

तिने भिंग घेतले. बूट दिसणाऱ्या त्या आठ चौकटी मी चालवल्या असत्या तर सेकंदाचा तिसरा हिस्सा लागला असता. ती किती तरी वेळ पाहत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "माझं काम झालं. पण त्या चाळीस जणांना आता कोण सांगणार? उद्या त्यांचेच कपडे शिवायचेत मला."

सकाळी नऊला पेटी गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, थोडासा. पण ज्या कामासाठी माझा जन्म, ते खिडकीने केले, आणि मी शेजारी थंड बसून होतो. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्राला तेल द्या, जोडीला दिवा ठेवा, रीळ चढवण्याआधी टोक बघा. डब्यातला कागद फाइलला लावण्याआधी वाचा. जो शेवट तुम्ही पाहिला नाही, तो कुणाला सांगत बसू नका. आणि त्या दुपारी सभागृहात असलेले कुणी भेटले, तर माझ्या वतीने एवढे सांगा: तिच्या हातांत बूट होते.