साक्षीदाराचा पाय

पंढरी दिवाळे गावाजवळच्या खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून चिंबोऱ्या काढत होता, तेव्हा बांधावर ट्रक मागे येऊन थांबला. १९९४ सालचा मे महिना, सकाळचे साडेआठ, ओहोटी लागलेली. ट्रकमधून दोन निळे ड्रम घरंगळत खाली आले. तिसरा दगडावर आपटून फुटला आणि आतलं तपकिरी पाणी उतारावरून थेट पंढरीच्या अंगावर गेलं.

त्याची बायको गोजरा टोपली घेऊन बांधावर उभी होती. तिनं नवऱ्याची किंकाळी ऐकली आणि तशीच चिखलात उडी टाकली. त्याला काखेत धरून ओढताना तिच्या तळहातांची सालं निघाली. पंढरीच्या मांड्यांखालची कातडी लेंग्यासकट सुटून आली होती.

किंकाळीनं अर्धं गाव धावलं. चार जणांनी पंढरीला टेम्पोत घालून वाशीला दवाखान्यात नेलं. बाकीच्यांनी ट्रकला वेढा घातला. गोजराचा दीर हरेश पुढे होता. त्यानं ड्रायव्हरला गचांडी धरून खाली खेचलं. ड्रायव्हर जोतीराम मूळचा साताऱ्याकडचा, कळंबोलीत गाड्या चालवणारा, पन्नाशीचा माणूस.

"मारू नका! मला काय ठाव न्हाय!" तो ओरडत होता.

हरेशनं होडीचं वल्हं उचललं. पहिल्या फटक्याला जोतीरामचा हात मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा तोंडावर बसला. मग लाथा सुरू झाल्या. शेवटी त्याला होडी बांधायच्या खुंटाला जखडलं. दात पडलेल्या तोंडातून रक्ताची लाळ गळत होती.

"कोनाचा माल हाय? बोल!" हरेशनं विचारलं.

जोतीराम नाव सांगेना. पुन्हा पुन्हा तेच: ठाव न्हाय.

गोजरा तिथंच होती. तिला दवाखान्यात चल म्हणणाऱ्या बाईचा हात तिनं झिडकारला. फुटलेल्या ड्रमच्या तळाशी अजून पाणी होतं. तिनं होडीतलं टमरेल घेतलं, ते भरलं आणि जोतीरामसमोर उभी राहिली. कुणी तिला अडवलं नाही.

"बाई, नको," जोतीराम म्हणाला. "सांगतो. नाव सांगतो."

त्यानं एका रंगाच्या कारखान्याचं नाव घेतलं, मॅनेजरचंही घेतलं. गोजरानं ऐकलं. आणि तरीही टमरेल त्याच्या उजव्या पायावर रिकामं केलं.

पोलीस आले तेव्हा तो बेशुद्ध होता.

पंढरी वाचला, पण त्याचा डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. महिन्याभरानं प्रदूषण मंडळाच्या अधिकारी वैजयंतीबाई घरी आल्या. ड्रमांवर कारखान्याचं नाव नव्हतं, लेबल नव्हतं, ट्रकमध्ये मालाचा एक कागद नव्हता.

"कायदा एकोणनव्वद सालीच झालाय," त्या म्हणाल्या. "विषारी कचरा ज्याचा, जबाबदारी त्याची. ड्रमवर लेबल, ड्रायव्हरच्या हातात कागद, सगळं बंधनकारक. पण कुणाचा कचरा, हे कोर्टात सिद्ध व्हायला लागतं. आपल्याकडे तो एकटा ड्रायव्हर आहे."

जाताना त्यांनी दारातच विचारलं, "त्याचा पाय कसा जळला?"

गोजरानं आपले तळहात पदराखाली घेतले. वैजयंतीबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

खटला उभा राहायला पाच वर्षं लागली. जोतीराम कुबडी घेऊन पिंजऱ्यात चढला, तेव्हा गोजरा मागच्या बाकावर होती. कारखान्याचा वकील तयारीनं आला होता.

"तुम्हाला मारहाण झाली. हात मोडला. मग तुमच्या पायावर कुणीतरी ॲसिड ओतलं. जीव वाचवायला तुम्ही तोंडाला येईल ते नाव घेतलंत. खरं ना?"

जोतीराम हो म्हणाला की कारखाना सुटणार आणि गोजरा आत जाणार.

जोतीरामनं तिच्याकडे पाहिलं.

"मारलं, हे खरं हाय," तो म्हणाला. "पाय ड्रम उतरवताना जळला. नाव म्या माझ्या मनानं सांगितलं. त्याच गेटातनं सात खेपा केल्यात म्या. मॅनेजरनं स्वतः लेबलं खरडून घेतली माझ्याकडनं. साबणाचं पाणी हाय म्हणाला."

वकिलानं तीनदा फिरवून विचारलं. जोतीराम हलला नाही.

मॅनेजरला दोन वर्षांची शिक्षा झाली. अपील करून तो जामिनावर सुटला. कारखान्याला मात्र टाळं लागलं.

निकालाच्या दिवशी गोजरानं जोतीरामला कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठलं. "दादा," ती म्हणाली आणि तिनं हात जोडले.

"तुमच्यासाठी न्हाय केलं," तो म्हणाला. "त्यो मॅनेजर सुटू नये म्हनून केलं. तुमी मला तोंड दाखवू नका." आणि कुबडी टेकत, उजवा पाय फरफटवत तो उतरून गेला.

घरी पंढरी खाटेवर बसून जाळं शिवत होता. गोजरानं त्याला निकाल सांगितला आणि मग इतकी वर्षं स्वतःच्या तोंडानं न सांगितलेलं सगळं सांगितलं. नाव सांगून झाल्यावरही आपण ओतलं, हेसुद्धा.

पंढरीचा हात थांबला. "बरा केलास," तो म्हणाला. "मी असतो तं अख्खा ड्रम ओतला असता."

हेच ऐकायला ती घरी आली होती. पण ते ऐकल्यावर तिला त्याच्याजवळ बसवेना. ती उठून बाहेर ओट्यावर गेली आणि आतून हाक आली तरी उठली नाही.