कवेलूवरचा दात

तळेगावच्या बाजारओळीत प्रभाकररावांच्या किराणा दुकानाचं नाव होतं ते त्यांच्या हातासाठी. वस्तू काट्यावर ठेवायच्या आत हात सांगायचा, पाव किलोत दोन दाणे कमी. माणसंही ते अशीच तोलत. कोण उगाच रेंगाळतो, कोण गोड बोलून जादा चिमूट मागतो, सगळं त्यांच्या ध्यानात. स्वतःची चूक मात्र त्यांनी कधी पारड्यात घातली नव्हती.

एप्रिलातल्या त्या सकाळी, बरोबर दहा वाजता, गहू तोलायच्या मोठ्या काट्याचं लोखंडी पारडं त्यांच्या नातीच्या तोंडावर आदळलं. आठ वर्षांची रुचिका साखळीला लोंबकळून झोके घेत होती. लोंबकळू त्यांनीच दिलं होतं. गिऱ्हाईक नव्हतं, पोर खिदळत होती, बरं वाटत होतं. समोरचा वरचा दात मुळासकट निघून गव्हाच्या पोत्यावर पडला.

मुलगा भूपेंद्र आणि सून हर्षा हिंगणघाटला लग्नाला गेले होते, संध्याकाळी परतणार होते. "पोरीले काट्याजवळ जाऊ देऊ नका, मामाजी," असं हर्षा निघताना सासऱ्यांना तिसऱ्यांदा सांगून गेली होती.

बायको सुमित्राबाई स्वयंपाक टाकून धावत आल्या. पदराने रक्त टिपता टिपता म्हणाल्या, "अवो, हा दुधाचा नोहे. दुधाचा मागल्याच साली पडला. म्याच फेकला व्हता."

"पडला तो पडला. आता का त्याची पूजा मांडाची हाय?"

पडलेला दात घरात ठेवायचा नाही, उंदराला नवा मागून छपराच्या कवेलूवर, म्हणजे कौलांवर, भिरकावायचा, हे प्रभाकररावांना लहानपणापासून ठाऊक. अंगणात जाऊन त्यांनी उंदराला मागणं घातलं आणि दात फेकला. वर टक् आवाज झाला. मग नातीला मांडीवर घेऊन हळूच म्हणाले, "आईनं विचारलं त सांगजो, पायरीवर घसरली म्हून. काट्याचं नाव नको काढू."

रुचिकाने तोंडातल्या कापसाच्या बोळ्यासकट मान हलवली. बोळ्याला लवंगेचं तेल लावलं होतं. दुकान चालू राहिलं.

पावणेअकराला माधवी साबण घ्यायला आली. तिचा बाप चिंधू दर उन्हाळ्यात या घराची कवेलू फेरायचा, फुटकी काढून नवी बसवायचा. पोरगी सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स झाली होती आणि चार दिवसांच्या रजेवर आली होती. साबणाची वडी घेता घेता तिची नजर आत गेली.

"काय झालं वो काकाजी, पोरीले?"

"काई नाई. दात पडला."

"पाहू द्या बरं." गल्ल्याच्या अलीकडे ती आजवर कधी आली नव्हती. आज न विचारता आली, आणि प्रभाकररावांनी तेही मोजलं. तिने बोळा काढून हिरडी पाहिली. "हा त पक्का दात व्हता! कवा पडला?"

"आत्ताच. पाच मिन्टं झाली असतीन."

गिऱ्हाइकाला 'माल आजच आला' म्हणावं तितक्या सहज ते बोलून गेले. रुचिकाने आजोबांकडे पाहिलं.

"मंग जमते अजून," माधवी म्हणाली. "अर्ध्या तासात दाक्तरनं बसवला त दात परत धरते. कुठं हाय? दुधात टाकला का?"

सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने वर पाहिलं.

"वर हाय."

"वर कुठं? देवघरात?"

"कवेलूवर."

माधवीने साबणाची वडी गल्ल्यावर ठेवली. मग रस्त्यावर जाऊन तिने बापाला हाक मारली. चौकात बसलेला चिंधू विडी टाकून धावत आला आणि शिडी लावून वर चढला. कवेलू तापली होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत तो ओरडला, "शेठजी, कोन्या अंगाले फेकला?"

"छपराच्या मधात!"

"तुमचं मधात लय लंबं हाय!" चिंधूने डोकं खाजवलं. "असं करा, दाताएवढ्या वजनाचं काईतरी फेका. तिथूनच, तसंच. कुठं जाते थे मी पाह्यतो."

प्रभाकररावांनी चिंचोक्यांच्या डब्यात हात घातला. एक उचलला, हलका वाटला, टाकला. दुसरा टाकला. तिसरा तळहातावर तोलून अंगणात आले आणि फेकला. चिंचोका कवेलूवरून घरंगळत पन्हाळीच्या खोबणीत गेला. दुसऱ्यांदा फेकला तोही तिथेच. चिंधू खोबणीत हात घालून वाळका पाला उपसू लागला. पाल्याखाली दात होता.

"मुळाले हात नको लावू, बाबा! पांढऱ्या टोकाले धर!"

सुमित्राबाई पेल्यात दूध घेऊन आल्या. दूध पिवळं होतं.

"हळद नको, काकू," माधवी म्हणाली. "नुसतं दूध."

दात दुधात पडला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. स्टँडवर आर्वीची जीप सुटायच्या बेतात होती. आजोबा, नात आणि माधवी तिघं चढले. सगळ्या वाटेने प्रभाकररावांनी पेला छातीशी धरला, वर तळहात झाकला. खड्डा आला की दूध तळव्याला लागायचं.

"घाबरू नका, काकाजी," माधवी म्हणाली. "अर्धा तासच त कोरडा व्हता. आस हाय."

त्यांनी तळहात उचलून पेल्यात पाहिलं. रुचिका त्यांच्याकडेच पाहत होती.

आर्वीचा दातांचा डॉक्टर तरुण होता. त्याने दात चिमट्यात धरून उजेडात फिरवला. "कोरडा किती वेळ होता? नीट आठवून सांगा. तासाच्या आतला असेल तर तसाच बसवतो. जास्त झाला असेल तर मूळ मेलं असं धरून आधी आतली नस काढावी लागते. न काढता बसवला तर पुढे पू होईल."

माधवी म्हणाली, "अर्धा तास, सर."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. प्रभाकररावांच्या तळव्यावरचं दूध वाळून चिकट झालं होतं.

"नाई," ते म्हणाले. "दहाले पडला. सव्वा तास कोरडा व्हता, उन्हात. म्याच फेकला. अन् लागलं थे दुकानातल्या काट्याचं. झोके म्याच घेऊ देल्ले."

माधवीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. बोलली असती तर सोपं गेलं असतं.

डॉक्टरने तासभर काम केलं. नस काढून दात बसवला आणि शेजारच्या दातांना तारेने बांधला. हात धुताना म्हणाला, "धरेल कदाचित. लगेच आणला असता तर मला 'कदाचित' म्हणावं लागलं नसतं. आता मूळ हळूहळू झिजत जाईल."

"किती वर्सं टिकन?"

"दोन, पाच, दहा. कोणीच सांगू शकत नाही."

परतीच्या जीपमध्ये माधवी पुढे बसली, हे दोघं मागे. रुचिकाचा ओठ सुजून टेकडीसारखा झाला होता.

"आबाजी," ती तारेतून म्हणाली, "आईले काय सांगू? पायरी का काटा?"

"काटा."

तिने थोडा विचार केला. "अन् उंदराले? त्याले त आपन नवा मागतला व्हता."

दूध केव्हाच ओतून दिलं होतं, पेला रिकामा होता, तरी प्रभाकररावांचा तळहात अजून त्याच्या तोंडावर तसाच होता.