पूर्ण समाधानी ग्राहक

वॉरंटी संपायला नऊ दिवस उरले होते. सर्व्हिस मॅनेजरने संगणकाचा पडदा फिरवून तिच्यासमोर केला. पडद्यावर तिच्या गाडीचा नंबर होता, रंग होता, एकतीस हजार चारशे किलोमीटर हा आकडा होता आणि खाली तीन भेटींच्या तीन ओळी होत्या. तिन्ही ओळींच्या शेवटी एकच वाक्य होतं : ‘ग्राहकाने सांगितलेला दोष आढळला नाही.’ पहिल्या दोन ओळींपुढे हिरव्या चौकटीत दहापैकी दहा गुण होते.

“बघा मॅडम, तुम्हीच बघा,” मॅनेजर म्हणाला. “दोष आढळलेला नाही. वर तुम्ही पूर्ण समाधानी. आता मी कंपनीकडे कुठल्या तोंडानं गिअरबॉक्स मागू?”

तिने दुसरी ओळ पुन्हा वाचली. मग तारीख वाचली. त्या तारखेला काय झालं होतं ते तिला चांगलं आठवत होतं.

गाडी ऑटोमॅटिक होती. पाऊण तास रहदारीत चालून गिअरबॉक्स तापला, की सिग्नल सुटल्यावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. दहा-बारा मिनिटं बंद ठेवली की काही झालंच नाही अशी चालू लागायची. गॅरेजमध्ये ती रात्रभर थंड व्हायची, सकाळी कुणीतरी आवारात दोन फेऱ्या मारायचं आणि गाडी निर्दोष सुटायची.

ती फिजिओथेरपिस्ट होती, घरोघरी जाणारी. डिकीत घडीचं टेबल, स्नायूंना विजेचे हलके झटके देणारं मशीन, रबरी पट्ट्यांची पिशवी. दिवसाला सहा घरं. गेल्या महिन्यात दोन घरांनी ‘ताई, तुमच्या वेळेचा काही भरवसा नाही’ म्हणून दुसरी बाई बघितली होती. नवा गिअरबॉक्स पदरचे पैसे घालून बसवायचा तर गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा गेला असता, आणि गाडीचे हप्तेच अजून दोन वर्षांचे फिटायचे होते. वॉरंटीत बदलून मिळाला तर धंदा टिकणार होता. नाही मिळाला तर नाही.

शेजारच्या खुर्चीत तिचे सासरे बसले होते. एका कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. काल चौकाच्या मधोमध गाडी थांबली तेव्हा ते मागच्या सीटवर होते. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला तो बंपरपासून हातभर अंतरावर थांबला. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले होते, “उद्या मी येतो. दोघं असलेले बरे.”

“दहा कुणी दिले?” त्यांनी आता विचारलं.

“मीच दिले, बाबा.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

“कारखान्यात माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा ट्रक आला तरी मी किलोभर जास्त लिहिलं नाही,” ते म्हणाले. “तू अख्खा ट्रक दिलास.”

दहा गुणांमागे एक माणूस होता. सर्व्हिस सल्लागार, पंचेचाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टाचा, कायम घाम पुसणारा. बाबा पुढे त्याला दहावाला म्हणू लागले. पहिल्या भेटीनंतर त्याने संध्याकाळी तिच्या घरी फोन केला होता. “मॅडम, कंपनीकडून फोन येईल. गाडीचं मी बघतोच, पण तेवढे दहा द्या. नऊ म्हणजे आमच्याकडे नापास. तीन नापास झाले की काउंटरवरून उचलून मला गाड्या धुवायला टाकतील. मुलगी बारावीत आहे हो.” तिने दिले. कुणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा, असं तिला वाटलं.

दुसऱ्या वेळी तर तिने आनंदाने दिले होते. त्या दिवशी दहावाला स्वतः गाडीत बसला, पन्नास मिनिटं तिच्याबरोबर फिरला, आणि बाजारपेठेच्या सिग्नलला गाडी रुसली ती त्याच्याच हाताखाली. ॲक्सिलरेटर दाबून दाबून त्याचा पाय दुखला. “आलं लक्षात, मॅडम. गिअरबॉक्सच आहे. तुम्ही काळजीच करू नका,” असं तो म्हणाला होता. शेवटी एक तरी माणूस खरं बोलला, असं तिला वाटलं. गाडी परत घेताना त्याने पुढे केलेल्या कागदावर तिने सही केली. वाचला नाही. घरी जाऊन फोनवर दहा दिले.

आणि त्याच तारखेपुढे आता लिहिलं होतं : आढळला नाही.

“यांना बोलवा,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“ज्यांनी हे टाइप केलंय त्यांना.”

दहावाला आला. त्याने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि रुमाल काढला.

“त्या दिवशी गाडी कुणाच्या हातात थांबली?”

“मॅडम, म्हणजे ते कसं असतं…”

“कुणाच्या हातात?”

“माझ्या.”

“मग आढळला नाही कसं?”

“मॅडम, ‘आढळला’ लिहिलं की जॉब उघडा राहतो, म्हणजे काम बाकी दिसतं. गिअरबॉक्स यायला महिना लागतो. महिनाभर जॉब उघडा राहिला की वर्कशॉपचे गुण जातात. ‘आढळला नाही’ लिहिलं की त्याच दिवशी बंद. सरांना मी सांगितलं होतं, तेच म्हणाले तसं टाक. इथे सगळे तसंच करतात.”

मॅनेजर खुर्चीत सरळ झाला. “ते आमचं अंतर्गत आहे. तू जा.”

“ते थांबतील,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण वेटिंग रूममधल्या दोघातिघांनी मोबाइलमधून माना वर काढल्या. “तुम्हाला माहीत होतं. गिअरबॉक्स गेलाय हे तुम्हा दोघांना चार महिन्यांपासून माहीत होतं. काल आम्ही ट्रकखाली जाता जाता राहिलो.”

“मॅडम, माझी सहानुभूती आहे.”

“सहानुभूतीचं वजन किती येतं हो?” बाबांनी विचारलं.

“काका, प्लीज. मी एक करू शकतो. गाडी ठेवून जा. पंधरा दिवस निरीक्षणाखाली ठेवतो.”

“वॉरंटीला नऊ दिवस राहिलेत.”

मॅनेजर पडद्याकडे बघत राहिला. त्याने पंधरा हा आकडा चुकून काढला नव्हता, हे तिला तेव्हा कळलं. तिने टेबलाची कड धरली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिसऱ्या भेटीला दोन दिवस झाले होते. फोन येण्याची वेळच होती. तिने स्पीकर लावला आणि फोन टेबलावर ठेवला.

“नमस्कार, ग्राहक समाधान विभागातून बोलतेय. आपल्या अलीकडच्या सर्व्हिसला शून्य ते दहा यांपैकी किती गुण द्याल?”

दहावाल्याने दोन्ही हात जोडले. खरोखर जोडले, छातीशी.

“शून्य,” ती म्हणाली.

पलीकडच्या मुलीने ‘शून्य?’ असं पुन्हा विचारलं. एवढ्या खाली ती फारशी उतरत नसावी. “मॅडम, कारण सांगाल? मी पर्याय वाचते. वेटिंग रूमची स्वच्छता, गाडी मिळायला उशीर, बिलाची माहिती, कर्मचाऱ्याचं वर्तन.”

“गाडी दुरुस्त झाली नाही.”

“तो पर्याय नाहीये, मॅडम.”

“गाडीच्या गॅरेजची चौकशी करताय आणि गाडी दुरुस्त झाली का, हा पर्याय नाही?”

“इतर म्हणून टाकू का?”

“इतरचं काय होतं?”

मुलगी हळू आवाजात म्हणाली, “इतर इथेच बंद होतं, मॅडम. कर्मचाऱ्याचं वर्तन लगेच वर जातं.”

दहावाला मान हलवत होता. नको, नको. ती त्याच्याकडे बघत राहिली. आत्तापर्यंत तिला वाटत होतं, हा बिचारा मधल्यामध्ये भरडला जातोय. पण तीन वेळा ती ओळ याच माणसाने टाइप केली होती. एकदा तर स्वतःच्या हाताखाली गाडी बंद पडल्यावर, दुखरा पाय चोळत परत येऊन.

“वर्तन,” ती म्हणाली. “सल्लागाराने दोष स्वतः पाहिला आणि आढळला नाही असं लिहिलं. मॅनेजरला ते माहीत होतं. दोघांचंही वर्तन. शब्दाला शब्द लिहून घ्या.”

मुलीने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, फोन ठेवला. मॅनेजरने पडदा पुन्हा आपल्याकडे फिरवला.

“तुमचा काही फायदा नाही झाला मॅडम. याचं मात्र नुकसान केलंत.”

“ते आम्ही बघू,” बाबा म्हणाले. “आम्ही बसलोय.”

ते बसले. बाबांनी चष्मा पुसला. अकराव्या मिनिटाला मॅनेजरचा फोन वाजला आणि तो उठून काचेच्या खोलीत गेला. काचेतून आवाज येत नव्हता, पण तो उभ्याउभ्याच ‘येस सर’ म्हणत होता हे ओठांवरून दिसत होतं. परत आला तेव्हा तो दुसराच माणूस होता. त्याने आधी पाणी मागवलं.

“मॅडम, गैरसमज झाला. आता पडताळणीचा फोन येईल. त्यांना सांगा, रागाच्या भरात बोलले, आता समाधान झालंय. दहा म्हणा. मी गिअरबॉक्सची ऑर्डर आत्ता टाकतो, वॉरंटीत. एक पैसा लागणार नाही.”

“म्हणजे दोष आढळला?”

“आढळला समजा.”

“समजा नको,” बाबा म्हणाले.

“आधी लिहा,” ती म्हणाली.

मॅनेजरने दहावाल्याला खूण केली. दहावाला बसला आणि टाइप करू लागला. गाडी तपासली नाही, वर उचलली नाही, बॉनेटसुद्धा उघडलं नाही. चार महिने जो दोष मिळत नव्हता तो खुर्चीत बसल्या बसल्या दोन मिनिटांत मिळाला. प्रिंटर खरखरला. ‘दोष आढळला. गिअरबॉक्स वॉरंटीअंतर्गत बदलणे.’ मॅनेजरची सही, शिक्का, तारीख. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मागची बारीक अक्षरंही वाचली. किलोमीटरच्या रकान्यात एकतीसच्या जागी सदतीस हजार पडले होते, तेवढं बदलून पुन्हा प्रिंट काढायला लावलं. मोबाइलवर फोटो घेतला, नवऱ्याला पाठवला आणि कागद बाबांच्या खिशात ठेवला.

फोन आला. या वेळी पुरुषाचा आवाज होता. “मॅडम, आपण मघाशी शून्य गुण दिलेत. ते कायम करायचे की बदलायचे?”

“कायम.”

“मॅडम!” मॅनेजर उठला. “आपलं ठरलं होतं!”

“तुमचं ठरलं होतं. मी म्हटलं, आधी लिहा.”

“मग कागद रद्द करतो मी.”

“करा,” ती म्हणाली. “फोन अजून चालू आहे.”

पलीकडून आवाज आला, “मागे कोण बोलतंय, मॅडम?”

“मॅनेजर. गुण बदलायच्या बदल्यात गिअरबॉक्स देत होते, आता कागद रद्द करतो म्हणताहेत. कागदाचा फोटो माझ्याकडे आहे. पत्ता द्या, पाठवते.”

मॅनेजर खाली बसला. पाण्याचा ग्लास तिच्यासाठी मागवलेला होता, तो त्यानेच उचलून प्यायला. पलीकडच्या माणसाने ईमेलचा पत्ता दिला आणि कंपनीचा इंजिनिअर परवा येईल असं सांगितलं. तिने त्याच्याकडून तक्रारीचा क्रमांक मागून घेतला, हातावर लिहिला आणि फोन बंद केला.

गाडी तिथेच ठेवावी लागणार होती. तिने आवारात जाऊन डिकीतून मशीन काढलं, पिशवी खांद्याला लावली. बाबांनी घडीचं टेबल उचललं. दहावाला मागोमाग आला.

“मॅडम, काका, द्या मी घेतो टेबल.”

“राहू दे,” बाबा म्हणाले.

“मॅडम, मी मनातून तुमच्या बाजूचा होतो. तुम्हाला माहीत आहे. दोष पहिल्यांदा मीच तुम्हाला सांगितला.”

“मला सांगितलात,” ती म्हणाली. “लिहिताना मात्र तीन वेळा दुसरंच लिहिलंत. मनातलं तुमच्या मनात राहिलं. मी त्या गाडीतून रोज फिरत होते.”

“आता माझं काय होणार?”

तिच्याकडे याचं उत्तर होतं. त्याच्या मुलीचं काय होईल हा विचारही तिच्या मनात येऊन गेला होता, आणि तो आल्याबद्दल तिला स्वतःचाही राग आला होता. तिने मशीन दुसऱ्या हातात घेतलं.

“तुम्ही त्यांना लिहा,” ती म्हणाली. “मॅनेजरने काय लिहायला सांगितलं होतं ते. खरं लिहा. मग मला फोन करा. मी म्हणेन, हो, हा माणूस खरं बोलतोय. त्याआधी करू नका.”

तो रुमाल हातात घेऊन उभा राहिला. हो म्हणाला नाही.

बस स्टॉप फाटकापासून सहाशे पावलांवर होता. मशीनचं हँडल तळहातात रुतत होतं. बाबा टेबल कधी या काखेत, कधी त्या काखेत घेत मागून येत होते आणि एकदाही थांबू या म्हणाले नाहीत. बसची वाट बघताना फोन वाजला. तीनच्या पेशंटची बायको होती. पेशंटला अर्धांगवायू होऊन सहा आठवडे झाले होते आणि आज त्याला पहिल्यांदा उभं करायचं ठरलं होतं.

“ताई, येताय ना? हे केव्हाचे पलंगाच्या काठावर बसलेत. बूटसुद्धा घातलेत.”

“येतेय. बसनं येतेय. अर्धा तास लागेल. मी आल्याशिवाय त्यांना उभं राहू देऊ नका. अजिबात नाही. कळलं का?”

“ताई, तुम्ही रागावलाय का?”

“हो,” ती म्हणाली. “तुमच्यावर नाही. त्यांना बसवून ठेवा.”