बागेत पुरलेला टब

साहेब, तुम्ही माझ्या पोटातले जीव मारले आणि चौथ्याच दिवशी त्याच बागेला 'जीवस्नेही बाग' म्हणून ढाल दिलीत. तुमचं नाव मला माहीत नाही. कागदावर नुसता शिक्का होता, सही नव्हती. म्हणून साहेब म्हणतो.

मित्रांनो, तुम्हाला मात्र सगळं पहिल्यापासून सांगतो. मी एक जुना आंघोळीचा टब आहे. बिडाचा, आतून पांढऱ्या मुलाम्याचा. चार पायांपैकी तीन उरलेत. ज्या कारागिराने मला साच्यात ओतलं, त्याने माझ्या बुडावर थाप मारून म्हटलं होतं, "हा आपल्यामागेही राहील." तो खरं बोलला. आज वाटतं, खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

चाळीस वर्षं मी एका घराच्या न्हाणीघरात काढली. त्या घरातली सगळी पोरं माझ्यात रडली आणि माझ्यातच हसली. मग घरात शॉवर आला. मला बाहेर ओढताना पाय मोडला आणि मी कुंपणाशी पालथा पडलो. एकदा भंगारवाल्याने मला उचलून पाहिलं, स्वतःची कंबर धरली आणि तो निघून गेला. सहा वर्षं मला कुणी विचारलं नाही.

त्या घराची धाकटी सून शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली. तिला सगळे बाई म्हणतात, नवरासुद्धा. घरामागची जमीन समुद्राकडे उतरत जाते. नुसती वाळू आणि खारा वारा. बाईंनी आधी वाऱ्याच्या तोंडाला काटेरी झुडपांची रांग लावली. गवत वाढू दिलं. वाळकी लाकडं जाळायची सोडून रचून ठेवली. बागेत औषध म्हणून काही येऊ दिलं नाही, मुंग्यांची पूडसुद्धा नाही. आणि मला गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पावसाच्या पाण्याने भरलं.

काका, म्हणजे बाईंचे यजमान, म्हणाले, "लोक टब घरात ठेवतात आणि माणसं बाहेर फिरवतात. तुझं सगळं उलटंच."

"तुम्हाला पण पुरते शेजारी," बाई म्हणाल्या. "खड्डा खणून द्या फक्त."

माझ्यात एक तिरकी फळी ठेवली होती. पाण्यात पडलेल्या जीवाला चढून येता यावं म्हणून. पहिल्या वर्षी शेवाळ आलं. दुसऱ्या वर्षी चतुर आले, त्यांनी अंडी घातली. तिसऱ्या वर्षी बेडूक आले ते गेलेच नाहीत. मित्रांनो, मी न्हाणीघरात असताना माझं कौतुक कुणी केलं नव्हतं. आता रविवारी बाग बघायला येणारी माणसं माझ्या काठावर बसू लागली.

प्रत्येक जण एकच विचारायचा, "डास होत असतील ना?"

बाई काचेचा पेला माझ्यात बुडवून त्याच्या हातात द्यायच्या. "एक अळी शोधून दाखवा." अळ्या चतुराच्या पिल्लांनी केव्हाच खाल्लेल्या असायच्या. बारा वर्षांत एकालाही सापडली नाही. एक मावशी पेला परत देत म्हणाल्या होत्या, "बाई, दोन बेडूक आमच्याकडे पाठवा हो. जेवायला घालीन."

मग ढालीचं पत्र आलं. समारंभ बागेतच होणार होता. चार दिवस आधी बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तेव्हा फाटकात एक माणूस आला. पाठीवर टाकी, हातात कागद. काकांनी सारा जन्म बंदराच्या कचेरीत कारकुनी केली. शिक्का दिसला की ते उभे राहतात. त्या दिवशीही राहिले.

"समारंभाची तयारी करायचीय," तो माणूस म्हणाला. "पाणी कुठे कुठे आहे?"

काकांना वाटलं, पाणी तपासायचं असेल. त्यांनी त्याला थेट माझ्याकडे आणलं. पाचोळा पडू नये म्हणून माझ्यावर मोठ्या भोकांची जाळी असते. ती त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. "बाईंचा जीव आहे हो यात," असं म्हणून ते त्याच्यासाठी चहा टाकायला गेले.

पाण्यावर तेलासारखा थर पसरला. चतुराची पिल्लं तडफडत फळीवर चढू लागली आणि अर्ध्यावर थांबली. संध्याकाळपर्यंत बेडूक पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मी बिडाचा. मला हलता येत नाही, ओरडता येत नाही. मी ते नुसतं धरून राहिलो.

बाई आल्या. काठावर बसल्या. कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं, 'मान्यवरांना डासांचा उपद्रव होऊ नये म्हणून.'

"शिक्का होता गं," काका म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "शिक्का होता." बाई एकेक बेडूक वेचून बाहेर ठेवू लागल्या. ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

समारंभाच्या दिवशी मोठे अधिकारी माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले, "वा, पाणी किती स्वच्छ ठेवलंय." बाईंनी पेला भरून त्यांच्या हातात दिला. "एक जीव शोधून दाखवा." त्यांना ती गंमत वाटली. पेल्यासकट फोटो निघाला. मग ढाल द्यायची वेळ आली. सगळे उभे राहिले. काका खुर्चीतून उठले नाहीत.

बाईंनी हात पुढे केला नाही. ढाल टेबलावरच राहिली.

नंतर औषधाचा जोर गेला. पाण्यात पहिल्यांदा कोण परतलं असेल, मित्रांनो? डास. त्यांना खाणारं कुणी उरलंच नव्हतं. आणि काल नोटीस आली. 'टबात अळ्या आढळल्या. आठ दिवसांत टब फोडून काढावा.' शिक्का तोच. सही याही वेळी नाही. काकांनी ती बसूनच वाचली आणि बसूनच उत्तर लिहायला घेतलं.

मित्रांनो, कुणी तुमच्या दारात कागद घेऊन आलं, तर शिक्का बघून जाळी काढू नका. आत काय घालणार आहात, ते आधी विचारा. आमच्या काकांनी विचारलं नाही. ते रोज सकाळी येऊन माझी रिकामी फळी पुसून जातात.

आणि साहेब, मी गळ्यापर्यंत पुरलेला आहे. कुठे पळून जाणार नाही. सात दिवस उरलेत. फोडायचं तर फोडा, पण आधी एवढं सांगा. माझ्या पाण्यात औषध घालायला कुणी सांगितलं? त्या कागदावर सही का नाही? उत्तर द्या. सही करून द्या.