निळ्या काचेतला शुक्र

रामाजींना कारखान्यात सगळे थर्मामीटर म्हणत. तीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून, निळ्या काचेतून आत डोकावून ते पोलाद किती तापलंय ते सांगत, आणि यंत्राने मोजलं तरी फारसा फरक निघत नसे. त्या डोळ्यांचा त्यांना भारी तोरा. त्याच डोळ्यांनी दिवाळीपासून दगा द्यायला सुरुवात केली होती, पण रामाजींनी ते घरात कुणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. बोरसीच्या घरून नातीला, भूमिकाला, सेक्टर सहाच्या शाळेत स्कूटरवर सोडायचं, निवृत्तीनंतर एवढंच काम त्यांना उरलं होतं. मुलाला, कमलेशला, कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती.

जानेवारीत शाळेने काम दिलं. शुक्र, गुरू, मंगळ आणि व्याधाचा तारा नुसत्या डोळ्यांनी पाहायचे आणि तेजाप्रमाणे क्रम लावायचा. संध्याकाळी आजोबा-नात गच्चीवर गेले.

"आमच्यासारखं पारख," म्हणत रामाजींनी आपली जुनी निळी काच तिच्या हाती दिली. "हिच्यातून जो टिकते, तो अव्वल."

भूमिकाने काच डोळ्याला लावली. "आबाजी, हिच्यातून एकटा शुक्रच दिसून राहिला. बाकी सब गायब."

रामाजींनी वर पाहिलं. काच पोरीच्या डोळ्यावर होती, आणि त्यांना उघड्या डोळ्यांनीही तेवढा एकच दिसत होता.

तरी गडी हटला नाही. आभाळ तोंडपाठ होतं. "लिही. शुक्र, मग गुरू, मग व्याध. मंगळ पार शेवटी. फिक्का असते तो."

भूमिका पूर्वेकडे बघत राहिली. "पण मंगळ तर व्याधाएवढाच चमकून राहिला. मॅडमनं सांगतलं, तारे तसेच राहतात, ग्रह जवळ आले का वाढतात."

"तिकडं कारखान्यात स्लॅग, भट्टीतला तापलेला मळ, ओतून राहिले असन. त्या उजेडात मले नीट दिसत नाही."

"आज आभाळ लाल नाही, आबाजी."

ती त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत होती. मग मान खाली घालून तिने वहीत काहीतरी लिहिलं. "तुमी सांगतलं तसंच लिहिलं," ती म्हणाली. रामाजींचा जीव भांड्यात पडला.

सकाळी त्यांनी स्कूटर पुसून बाहेर काढली. भूमिका दप्तर घेऊन फाटकाशी उभी होती.

"आजपासून मी सोनलसंग ऑटोनं जाते, आबाजी. बाबाले म्हटलं, मलेच मैत्रिणीसंग जाचं हाय."

तिने गुपित राखलं होतं. कमलेशने आरडाओरडा करून किल्ली हिसकावली असती तर रामाजी भांडले तरी असते. या पोरीशी काय भांडणार? किल्ली मुठीत धरून ते फाटकाशी उभे राहिले. ऑटोतून भूमिकाने हात हलवला असेल, पण तो त्यांना दिसला नाही.