उरवड्याचा बिनकुलपाचा राऊटर

खट्! सकाळच्या निवांत घरात खटका दाबल्याचा आवाज झाला आणि माझा हिरवा दिवा लागला.

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. आता माळ्यावर असतो. पण २००९ साली उरवड्याच्या एका लहानशा घरात, देवघराशेजारच्या फळीवर माझी जागा होती. टेलिफोनच्या तारेतून आलेलं इंटरनेट मी हवेतून घरभर वाटायचो. या बिनतारी वाटपालाच वाय-फाय म्हणतात. ते भिंतींना जुमानत नाही. माझं तर कुंपण ओलांडून रस्त्यावरच्या जांभळापर्यंत पोचायचं. तेवढी माझी रेंज.

घर शैलेश आणि मृण्मयीचं. दोघं नांदेडकडची, शैलेशची नोकरी हिंजवडीला. त्यांची पाच वर्षांची जुईली मला ‘लुकलुक्या’ म्हणायची. नांदेडच्या आजीचा चेहरा कॉम्प्युटरच्या पडद्यावर आला, की मृण्मयी पदराने माझ्यावरची धूळ पुसून म्हणायची, “शहाणं माझं ते!” मी सुखावून जायचो.

आलो तेव्हा मला पासवर्ड होता. पासवर्ड म्हणजे माझं कुलूप. तो ठाऊक असेल त्यालाच आत येता येतं. शेजारच्या चंद्राबाईंची नात कल्पना कॉलेजात शिकायची. तिला तो विचारायला यावं लागू नये, म्हणून शैलेशने कुलूपच काढून टाकलं. “दारात आलेल्याला आपण पाणी देतोच ना? हेही तसंच,” तो म्हणाला. मृण्मयीला पटलं. मलाही पटलं.

पण पाणी पिऊन माणूस गेला की मागे काही उरत नाही. इंटरनेटचं तसं नसतं. बाहेरच्या जगात माझा एक नंबर असतो, घराच्या पत्त्यासारखा. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. माझ्यातून कुणीही काहीही पाठवलं, तरी बाहेर तोच एक नंबर दिसतो. घरचा कोण नि दारचा कोण, त्यावरून कळत नाही.

श्रावणातल्या एका सकाळी दोन पोलीस दारात आले. जुईली दुधाचा पेला धरून उंबऱ्यात उभी होती.

“पुण्यातल्या एका बाईंना घाणेरडा मेल गेलाय,” त्यांच्यातले हवालदार शैलेशला म्हणाले. “तुमच्या घरातून.”

“आमच्या घरातून?”

“आयपी ॲड्रेस इथलाच आहे. कनेक्शन तुमच्या नावावर. चला चौकीवर.”

मी सुन्न झालो. मला ठाऊक होतं हो! समोरच्या बंगल्यावर सुट्टीला आलेला एक माणूस जांभळाखाली गाडीत बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन माझ्यात शिरला होता. मी मजकूर वाचत नाही, दिलेलं नुसतं पोचवतो. पण हे सांगायला मला तोंड कुठे होतं? माझे दिवे आपले रोजच्यासारखे लुकलुकत राहिले.

मृण्मयीने नवऱ्याकडे बघितलं. मित्रांनो, पोलिसांपेक्षा मला त्या नजरेचा धक्का बसला. परक्या माणसाकडे बघावं तसं ती बघत होती. शैलेशला ते दिसलं. त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात चंद्राबाई हात पुसत कुंपणाशी आल्या. “कवाचं म्हनता?”

“मागच्या महिन्यात. बारा तारीख, रविवार, दुपारी.”

“आरं देवा! तवा ह्यो माझ्या भाताच्या खाचरात हुता की! लावणीला मानसं मिळंनात म्हून आलता. एक काडी सरळ लावंना, समदी हसत हुती. ढोपरापतूर रुतलेला मानूस मेल कुटनं धाडतुया?”

“घरी बाकीचे असतील.”

“कुनी न्हाई! ही दोगी बी माझ्याकडंच जेवाया. घराला कुलूप हुतं.”

“आजी, नक्की तोच रविवार?”

“लावणी काय रोज आसती व्हय? संगं लावणीला हुती त्या कुशाबाला इचारा, भिकूला इचारा!”

हवालदारांची नजर माझ्याकडे वळली. “याला पासवर्ड आहे का?”

“नाही,” शैलेश पुटपुटला.

“कमाल आहे! घराला कुलूप लावलंत, आणि हा सताड उघडा?”

तरी शैलेशला चौकीवर जावंच लागलं. कुशाबा आणि भिकू जबाब द्यायला सोबत गेले, म्हणून तो संध्याकाळी परत आला. पुढे बंगल्यावरचा तो माणूस सापडलाही. शैलेशने चौकीवरून आल्या आल्या मला पासवर्ड लावला आणि कल्पनाला तेवढा कानात सांगितला.

मित्रांनो, पाणी सगळ्यांना द्या. पण माझ्यासारख्याला उघडा ठेवू नका. दारी आलेला प्रत्येक जण तहानलेलाच असतो असं नाही. आणि नंबर माझा असला, तरी मान खाली जाते ती घरच्या माणसाची.

त्या संध्याकाळी शैलेश मोरीत हातपाय धूत होता. मृण्मयी जुईलीची वेणी घालत होती.

“आई, पोलीसकाका बोलले ना, तेव्हा तू बाबांकडे तशी का बघत होतीस?”

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला. मृण्मयीचे हात वेणीतच राहिले.