कडुबाचा समोरचा दात

मला माझ्या कामाचा भारी अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते. शहराच्या गारखेडा भागात बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते, आणि माझ्या हातच्या कामाला कुणी नाव ठेवलं की दिवसभर माझं डोकं तापलेलं असतं.

म्हणून तर कडुबानं मला अकरा वर्षं छळलं. दोन हजार तेराच्या दुष्काळात तो देवगाव रंगारीकडं पाण्याचा टँकर चालवायचा. विहिरीवर टाकी भरताना लोखंडी झाकण तोंडावर आपटलं. वरचा समोरचा दात मुळासकट गेला, पुढच्या हाडाचाही चुरा झाला. टँकरमालकानं खर्च उचलला. पण इम्प्लांटचा, म्हणजे नव्या दाताचा, धातूचा खुंट रोवायला हाडच उरलं नव्हतं. मग मी त्याच्याच हनुवटीतून हाडाचा तुकडा काढून वर लावला, तो तिथल्या हाडाशी जुळल्यावर इम्प्लांट बसवला आणि त्यावर दात. असं हाड लावून केलेलं हे माझं पहिलंच काम. कॉलेजात मला शिकवलेले आमचे सर एक्स-रे बघून म्हणाले होते, "वैदेही, दिसतंय छान. पण पाचेक वर्षांत हे हाड झिजणार, बघ."

झिजलं की टिकलं, हे मला कळायलाच हवं होतं. पण दात बसवून हा पठ्ठ्या जो गेला, तो गेलाच. फोन बंद. पुढं मी कितीतरी लोकांना हाड लावलं, आणि दर वेळी कडुबाची आठवण यायची.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर आला. शहर बीड बायपासच्या पार गेलं, पाणी मात्र अजून टँकरनंच येतं. ड्रायव्हर वॉचमनशी बोलताना हसला. मी माणूस नाही, दात ओळखला.

"कडुबाभाऊ! इतकी वर्षं होतात कुठं?"

"दुखलंच नाय, मॅडम. मग कशाला यायचं?"

मी त्याला तिथंच, फाटकात झापलं. सोमवारी तो बायकोला, सरूबाईला, घेऊन मुकाट्यानं दवाखान्यात आला.

एक्स-रे मी स्वतःच काढला. चित्र उमटलं. हाड जागेवर होतं, कडेला केसभर उतरलेलं, बस. हिरडीही सरकली नव्हती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "तुमचं हाड टिकलं, भाऊ," मी म्हणाले. "माझं काम टिकलं!"

कडुबा खुर्चीत जरा सावरून बसला. "मग मॅडम, आता चावू का?"

"काय चावायचं?"

"समोरच्या दातानं. तुम्ही म्हणल्या व्हत्या, मी सांगंपर्यंत या दातानं काय तोडायचं नाय. सांगितलंच नाय तुम्ही."

ते पुढच्या तपासणीला सांगायचं होतं, आणि पुढच्या तपासणीला तो आलाच नव्हता.

"पेरू म्हणू नका, कणीस म्हणू नका," सरूबाईनं तोंड उघडलं. "अकरा सालं मी फोडी करून देतीय ह्यांना. दाणे काढून देतीय. लग्नाच्या पंगतीत बी पिशवीत सुरी ठेवते. बाया लई हसत्यात मला."

खरं सांगते, क्षणभर मला त्या बाईचा रागच आला. हाड माझ्या हातानं टिकलं की हिच्या सुरीनं, हे आता कुठल्याच एक्स-रेत दिसणार नव्हतं. मग तिच्या बोटांवरचे सुरीचे बारीक व्रण दिसले आणि माझीच मला लाज वाटली.

"चुकलं माझं," मी दोघांना म्हणाले. "आजपासून काय हवं ते चावा, भाऊ. आणि सरूबाई, सुटलात तुम्ही."

सरूबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला. कडुबाला मात्र काही फार आनंद झालेला दिसेना. तो बायकोकडं बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "पेरूचं तेवढं ऱ्हाऊ दे की. तू मीठ लावून देतीस ना."